अक्रोड, डांबर, काच

1939 साली पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेची प्रवेशपरीक्षा एका एकोणीस वर्षांच्या मुलाने दिली. तो उत्तीर्ण झाला, पण शाळेत दाखल झालाच नाही. फ्रान्समध्ये चित्रकार होऊ पाहणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठं दार नव्हतं. पिएर सूलाजने ते उघडून आत डोकावून पाहिलं. तिथे जे शिकवलं जात होतं ते आपल्या कामाचं नाही असं त्याला वाटलं. त्याच मुक्कामात त्याने सेझान आणि पिकासो यांची प्रदर्शनं पाहिली होती. त्या भिंतींवर जे जिवंत होतं त्याचा मागमूसही त्याला वर्गात दिसला नाही. तो सरळ आपल्या गावी, रोदेझला परत गेला.

पुढे मोंपेलिएला चित्रकला-शिक्षकाच्या परीक्षेची तयारी करण्यासाठी तो थोडे दिवस तिथल्या कलाशाळेत गेला. तरीही सूलाज यांना स्वयंशिक्षित म्हणतात आणि ते योग्यच आहे, कारण त्यांची चित्रं कोणत्याही वर्गातून आली नाहीत. आपल्याकडे स्वयंशिक्षित म्हटलं की ज्याला शिकायची संधी मिळाली नाही असा माणूस डोळ्यांसमोर येतो. सूलाज यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना संधी मिळाली होती. त्यांनी गुरू बदलले. ते दगडाकडे, डांबराकडे, अक्रोडाच्या रंगाकडे आणि शेवटी काचेकडे शिकायला गेले, आणि वस्तू काय सांगते ते ऐकायची सवय त्यांनी शंभरी ओलांडेपर्यंत सोडली नाही. त्यांच्या आयुष्याकडे मी त्या सवयीचा इतिहास म्हणून पाहतो.

रोदेझ हे दक्षिण फ्रान्समधल्या आव्हेरों या डोंगराळ जिल्ह्याचं ठाण्याचं गाव. 24 डिसेंबर 1919 ला पिएरचा जन्म तिथे झाला. वडील आमांस घोडागाड्या बांधायचे. पिएर लहान असतानाच ते गेले आणि आई अग्लाए व पंधरा वर्षांनी मोठी बहीण आंत्वानेत यांनी त्याला वाढवलं. घर होतं ते कारागिरांच्या आळीत. लाकूड, लोखंड, चामडं यांचे वास आणि आवाज यांतच पोर वाढलं. हत्यार कसं धरतात आणि लाकूड कुठे ऐकतं, कुठे अडतं, हे त्याने पुस्तक हातात येण्याआधी पाहिलेलं होतं.

त्या काळातल्या दोन आठवणी सूलाज नेहमी सांगत. पहिली बर्फाची. पोर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईचे जाड फटकारे ओढत बसलं होतं. काय काढतोयस, असं कुणीतरी विचारलं तर म्हणे, बर्फ. मोठी माणसं हसली, पण त्याचा हिशेब पक्का होता. शेजारी काळं आलं की कागदाचं पांढरं अधिक पांढरं होतं, हे त्याला दिसलं होतं आणि त्याला ते पांढरंच हवं होतं. दुसरी आठवण डागाची. घराच्या खिडकीतून इस्पितळाची भिंत दिसे आणि तिच्यावर डांबराचा एक मोठा शिंतोडा उडालेला होता. अभ्यासाला बसलं की पिएरची नजर तिकडे जाई. मधला भाग गुळगुळीत नि शांत, कडेला उडालेले थेंब, दगडाच्या खडबडीतपणावर अडकलेलं डांबर. एके दिवशी लांबून पाहताना त्याला त्या डागात अचानक कोंबडा दिसला, तुरा, चोच, सगळं जिथल्या तिथे. तो नाराज झाला. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कोंबडा नाहीसा झाला आणि डांबर पुन्हा डांबर झालं, तेव्हा त्याला बरं वाटलं.

अमूर्त चित्रासमोर उभे राहून यात काय दिसतं, असं विचारणारे सगळीकडे असतात. त्यांना ही कोंबड्याची गोष्ट सांगावी. त्या पोराला डागाच्या पलीकडचं काही शोधायचं नव्हतं. डागाचा जाडपणा, चिकटपणा, भिंतीशी असलेलं त्याचं नातं हेच त्याला पुरेसं होतं, किंबहुना त्यातच सगळं होतं. आयुष्यभर त्यांनी चित्रांना नावं दिली नाहीत ती यामुळेच. 'चित्र' हा शब्द, मग लांबी-रुंदी आणि तारीख, एवढंच ते लिहीत. नाव दिलं की पाहणारा कोंबडा शोधू लागतो.

शाळकरी वयातच दोन मोठ्या भेटी घडल्या. रोदेझच्या फेनाय संग्रहालयात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या उभ्या शिळा आहेत. त्यांच्यावर डोळे, हात, कमरपट्टा एवढंच कोरलेलं आहे. पिएर त्यांच्यासमोर तासन्तास उभा राही. गावाजवळच्या महापाषाणांच्या उत्खननातही त्याने हात लावला. दुसरी भेट कोंकची. रोदेझपासून चाळीसेक किलोमीटरवर, दरीच्या कडेला लटकल्यासारखं हे लहान गाव आहे. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं हे ठाणं. अकराव्या-बाराव्या शतकातलं सेंत-फुआचं मठमंदिर तिथे उभं आहे. त्या उंच, अरुंद, दगडी अवकाशात उभं असताना, आपण जन्मभर कलाच करायची हे आपण ठरवलं, असं सूलाज म्हणत. श्रद्धेने ते भारावले नव्हते. ते श्रद्धाळू नव्हते. भारावून टाकलं ते दगडाने, मापांनी आणि आतल्या उजेडाने.

युद्ध आलं. 1940 मध्ये लष्करात भरती, 1941 मध्ये सुटका. मोंपेलिएला असताना तिथल्या फाब्र संग्रहालयात ते वारंवार जात. त्याच शहरात कोलेत योरेन्स ही विद्यार्थिनी भेटली. 24 ऑक्टोबर 1942 रोजी सेत या बंदराच्या गावी मध्यरात्री दोघांनी काळे कपडे घालून लग्न केलं. पुढे जर्मनांनी फ्रेंच तरुणांना सक्तीच्या मजुरीसाठी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा सूलाज खोट्या कागदपत्रांवर मोंपेलिएजवळच्या ग्राबेलच्या एका द्राक्षमळ्यावर कारभारी म्हणून राहिले. शेजारी लेखक जोझेफ देलतेय राहत. त्यांच्याच घरी चित्रकार सोन्या दलोने भेटल्या. अमूर्त कला नावाचं काही असतं आणि लोक ते गांभीर्याने करतात, हे सूलाज यांना नीट कळलं ते त्यांच्याकडून. तोवर ते जे करत होते त्याला नाव नव्हतं.

1946 मध्ये हे दाम्पत्य पॅरिसजवळच्या कुर्बव्वाला आलं. त्या वर्षी सालों दोतोन या प्रदर्शनाने त्यांची चित्रं परत केली. पुढच्या वर्षी सुरँदेपांदां या प्रदर्शनात ती लागली. तिथे भिंती रंगांनी नुसत्या उकळत होत्या आणि सूलाज यांचे काळे-तपकिरी जाड पट्टे वेगळेच उठून दिसत होते. म्हातारे चित्रकार फ्रान्सिस पिकाबिया ती पाहून त्यांना म्हणाले की या वयात हे करतोस म्हणजे तुला लवकरच पुष्कळ शत्रू मिळतील. सूलाज ती गोष्ट शाबासकी म्हणूनच सांगत.

ही चित्रं कशाची होती ते जवळून पाहायला हवं. सुतार लाकडाला गडद छटा द्यायला अक्रोडाच्या बाहेरच्या हिरव्या सालीचा रंग वापरतात. तो स्वस्त मिळे. सूलाज यांनी तो कागदावर आणला. लावायला घर रंगवायचे रुंद ब्रश घेतले, हार्डवेअरच्या दुकानातले. चित्रकारांचे नाजूक ब्रश त्यांना हातात नको होते, कारण त्यांच्याबरोबर हाताचा सवयीचा लाडिकपणाही येतो. अक्रोडाचा रंग जिथे दाट साचतो तिथे जवळपास काळा होतो आणि जिथे ब्रश ओढला जातो तिथे त्याच्या आरपार कागद दिसतो. एकाच फटकाऱ्यात अंधार नि उजेड दोन्ही. ब्रश एका दमात ओढून थांबला की त्याची हालचाल संपते आणि एक आकार उभा राहतो. पाहणाऱ्याला रेघ सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचावी लागत नाही, ती एकदम समोर येते. 1947 ते 1949 या काळातले हे कागद मला त्यांच्या मोठ्या कॅनव्हासांइतकेच, काही वेळा अधिक, प्रिय आहेत.

युद्धानंतर पॅरिसमधल्या स्टेशनांच्या काचेच्या छपरांच्या फुटक्या काचा डांबराने सांधलेल्या होत्या. गार द ल्यों स्टेशनवर सूलाज यांनी त्या पाहिल्या. 1948 मध्ये त्यांनी फुटलेल्या काचेवर डांबराने चित्रं केली. एकाचं माप 45.5 गुणिले 76.5 सेंटिमीटर. इस्पितळाच्या भिंतीवरचं डांबर आता काचेवर आलं होतं आणि मागून उजेड येत होता. काच त्यांच्या हाती अशी प्रथम आली, ती अडतीस वर्षांनी पुन्हा येणार होती.

1948 मध्येच जर्मनीत फ्रेंच अमूर्त चित्रांचं एक प्रदर्शन निघालं. ते भरवलं श्टुटगार्टच्या ओटोमार डोमनिक या मानसोपचारतज्ज्ञाने, जे स्वतः चित्रांचे संग्राहक होते. हर्बिन, कुप्का, हार्टुंग यांसारख्या मुरलेल्या मंडळींत सूलाज सगळ्यांत लहान. पण पोस्टरसाठी डोमनिक यांनी निवडलं ते त्यांचं अक्रोडाच्या रंगातलं चित्र, काळ्याचं पांढरं नि पांढऱ्याचं काळं करून. हे प्रदर्शन जर्मनीत शहरोशहरी फिरलं. नाझींनी ज्या कलेला हीन ठरवलं होतं ती कला पुन्हा पाहायला मिळत होती, आणि तरुण जर्मन चित्रकारांनी सूलाज हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. 1949 मध्ये पॅरिसच्या लिदिया कोंती गॅलरीत पहिलं एकट्याचं प्रदर्शन झालं. मग अमेरिका. अमेरिकी संग्रहालयतज्ज्ञ जेम्स जॉन्सन स्वीनी 1948 मध्येच त्यांच्या स्टुडिओत येऊन गेले होते. 1954 पासून न्यूयॉर्कची कूट्झ गॅलरी त्यांची चित्रं दाखवू लागली, चित्रकार मार्क रॉथ्को यांच्याशी मैत्री जमली, 1964 मध्ये पिट्सबर्गचं कार्नेगी पारितोषिक मिळालं. 1966 मध्ये ह्यूस्टनला स्वीनी संचालक असलेल्या संग्रहालयात त्यांनी चित्रं भिंतीवर न टांगता तारांनी छताला नि जमिनीला ताणून मधोमध उभी केली. कीर्तीची ही सगळी यादी इथेच थांबवतो, कारण खरं काम तेव्हा स्टुडिओत चाललं होतं.

याच पॅरिसमध्ये 1950 च्या अखेरीस आपले सय्यद हैदर रझा आले. नागपूरची कलाशाळा आणि मुंबईचं जे. जे. करून, फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती घेऊन आलेले रझा तीन वर्षं एकोल दे बोझारमध्येच शिकले. म्हणजे ज्या शाळेकडे सूलाज यांनी पाठ फिरवली होती त्याच शाळेत. रझांना त्या शाळेने बांधणीची शिस्त दिली आणि ते ती शेवटपर्यंत मानत. तेव्हा शाळा वाईट होती असा निकाल द्यायचं कारण नाही. एकाला जी भूक होती ती तिथे भागली, दुसऱ्याची भूक वेगळी होती. पुढे 1980 च्या आसपास रझा काळ्या बिंदूशी पोहोचले, आणि त्याच सुमारास सूलाज यांनी अख्खा कॅनव्हास काळा केला. दोघांचं काळं मात्र एकमेकांपासून फार लांबचं आहे. रझांचा बिंदू हे बीज आहे, त्यातून काही उगवायचं आहे. सूलाज यांचं काळं हा पृष्ठभाग आहे आणि त्याला आपल्यापलीकडे काही सांगायचं नाही.

तो अख्खा काळा कॅनव्हास कसा घडला? 1979 च्या जानेवारीत सूलाज एका चित्राशी तासन्तास झटत होते. काळा रंग पसरत चालला होता, सगळा कॅनव्हास गिळत होता आणि चित्र फसलं असं त्यांना वाटत होतं. तरीही हात थांबत नव्हता. दमून ते झोपायला गेले, तासाभराने उठून पुन्हा पाहिलं आणि लक्षात आलं की आपण काळ्यावर काम करतच नव्हतो. रंगाच्या जाड थरात हत्याराने जिथे खोल रेघा पडल्या होत्या तिथे उजेड एका तऱ्हेने परतत होता, जिथे सपाट होतं तिथे दुसऱ्या तऱ्हेने. काळं स्वतः अंधारं होतं, पण त्याच्यावरून येणारा उजेड क्षणाक्षणाला बदलत होता. तुम्ही बाजूला सरकलात की चित्र बदलतं. त्याच वर्षी पोंपिदू केंद्रात ही नवी चित्रं दाखवली गेली. साठीला आलेला, जगभर मान्यता मिळालेला माणूस या टप्प्यावर पुन्हा विद्यार्थी झाला, आणि उरलेली चाळीसहून अधिक वर्षं त्याने मुख्यतः या एका रंगात काढली. कुणी म्हणे एवढ्या वर्षांत एकच काळा? पण त्यांच्या स्टुडिओत चामड्याचे तुकडे, पुठ्ठे, रबर, रुंद पाती, स्वतः बनवलेली हत्यारं यांचा ढीग असे. प्रत्येक हत्यार रंग वेगळा कापतं आणि उजेड वेगळा परत पाठवतं. जे चित्र जमलं नाही ते ते जाळून टाकत.

1986 मध्ये फ्रान्सच्या सरकारने त्यांना कोंकच्या मंदिरासाठी काचा करायला सांगितलं. ज्या जागेने त्यांना चित्रकार केलं तिथलंच हे काम होतं. एकूण 104 खिडक्या. तिथे विसाव्या शतकाच्या मध्याला बसवलेल्या रंगीत काचा होत्या, संतांच्या आकृतींच्या. त्या काढून एका अमूर्त चित्रकाराच्या काचा बसवणार म्हटल्यावर गावात विरोध झाला. तो मला समजण्यासारखा वाटतो. एक पिढी त्या रंगीत उजेडात प्रार्थना करत मोठी झाली होती.

सूलाज यांनी सुरुवात रेखाटनापासून केली नाही. आधी त्यांनी इमारत वाचली. मधला सभामंडप 22 मीटर उंच आणि त्यामानाने फार अरुंद. खिडक्यांची मापं जागोजाग वेगळी, म्हणजे बांधणाऱ्यांनी प्रकाश मोजूनमापून आत घेतला होता. दगड तीन जातींचा: पिवळसर चुनखडी, लालसर वालुकाश्म, निळसर करडा पाटीचा दगड. रंगीत काचेतून आलेला उजेड दगडाचे हे रंग पुसून टाकत होता. म्हणून काच बिनरंगी हवी हे पहिलं ठरलं. पण साधी पारदर्शक काचही नको होती. तिच्यातून बाहेरची झाडं-घरं दिसली असती, नजर बाहेर पळाली असती आणि अवकाशाचा बंदिस्तपणा मोडला असता. उजेड आत यावा, नजर मात्र बाहेर जाऊ नये. बाजारातल्या दुधी काचा त्यांनी पाहिल्या. त्या सगळीकडे सारख्याच दुधी होत्या, त्यामुळे निर्जीव वाटत.

तेव्हा काच नव्याने करावी लागणार होती. मार्सेयच्या काचसंशोधन केंद्रात आणि नंतर इतरत्र शेकडो चाचण्या झाल्या. हाताशी होते तुलूझचे काचकारागीर झाँ-दोमिनिक फ्लरी. अखेर सापडलेला मार्ग असा: काचेचे बारीक-मोठे कण एकत्र पसरून भट्टीत वितळवायचे. कणांच्या लहानमोठेपणानुसार काच कुठे अधिक उजेड सोडते, कुठे कमी. हा फरक काचेवर घासून किंवा रंगवून आणलेला नाही, तो तिच्या जाडीतच आहे. एकाच तुकड्यात एकीकडे उजेड मोकळा येतो आणि बोटभर अंतरावर तो दाटतो. पृष्ठभागाखाली काहीतरी चालू आहे असं वाटत राहतं. ही काच शेवटी जर्मनीत तयार झाली.

काच सापडल्यावर मगच रेघा आल्या. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे असतात, ते टळत नाही. सूलाज यांनी पांढऱ्या फळ्यांवर काळी चिकटपट्टी लावून खऱ्या मापाचे आराखडे केले. पट्टी लावायची, लांब जाऊन पाहायची, उपटायची, पुन्हा लावायची. इमारतीत उभ्या-आडव्या रेषा आधीच भरपूर आहेत म्हणून शिशाच्या रेघा तिरक्या आणि किंचित वळणाऱ्या ठेवल्या. खिडकीला आधार देणारे लोखंडी आडवे गजसुद्धा रचनेत सामील करून घेतले. त्या रेघांत ना क्रूस आहे ना आकृती. वरवर जाणारी एक ओढ तेवढी जाणवते.

काचा बसल्यावर एक गोष्ट दिसली, ती कुणी ठरवलेली नव्हती. काच जिथे काही उजेड बाहेरच परत पाठवते तिथे ती बाहेरून निळसर दिसते, आणि तोच भाग आतून ऊबदार, नारिंगीकडे झुकणारा. एक थेंबही रंग न घालता. दिवस चढतो-उतरतो तसे दोन्ही बदलत जातात. सूलाज यांना याचा विलक्षण आनंद झाला, कारण हे काचेने स्वतः करून दाखवलं होतं. 1994 मध्ये काम पुरं झालं. आठ वर्षं लागली. आज कोंकला चालत येणाऱ्या यात्रेकरूंपैकी अनेकांना या काचा पहिल्या नजरेत जुन्याच वाटतात, आणि माझ्या मते याहून मोठी पावती त्या कामाला मिळणं कठीण.

नंतरचे मानसन्मान मोठे होते. 2001 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिताज संग्रहालयात हयात चित्रकार म्हणून त्यांचं प्रदर्शन झालं. शंभराव्या वर्षी, 2019 मध्ये, लूव्रने आपल्या सालों कारे या दालनात त्यांची चित्रं लावली. हयातीत लूव्रमध्ये जागा मिळणं हा मान त्याआधी पिकासो, शागाल अशा मोजक्यांनाच मिळाला होता. त्या प्रदर्शनासाठी शंभरीच्या उंबरठ्यावरच्या या गृहस्थांनी नवी, उंच काळी चित्रं केली होती. सेतच्या टेकडीवरच्या, भूमध्य समुद्रासमोरच्या घरी कोलेत यांच्यासोबत ते शेवटपर्यंत काम करत राहिले. ऑक्टोबर 2022 मध्ये, लग्नाला 80 वर्षं पुरी झाली त्याच आठवड्यात, निम शहरात ते गेले. वय 102.

रोदेझला 2014 च्या मे महिन्यात सूलाज संग्रहालय उघडलं. स्पेनच्या ओलोत गावच्या आरसीआर या वास्तुरचनाकारांनी ते गंजत्या पोलादाच्या पेट्यांसारखं बांधलं आहे. सूलाज दाम्पत्याने त्याला सुमारे पाचशे कामं दिली. त्यात अक्रोडाच्या रंगाचे कागद आहेत, डांबराच्या काचा आहेत, कोंकचे ते चिकटपट्टीचे आराखडे आहेत. देणगी देताना त्यांनी एक अट घातली: इमारतीतलं पाचशे चौरस मीटरचं एक दालन इतर कलावंतांच्या प्रदर्शनांसाठी राखायचं. केवळ आपल्या चित्रांसाठीचं संग्रहालय त्यांना नको होतं. पिकासो आणि कॅल्डर यांची प्रदर्शनं त्या दालनात झाली आहेत, आणि रोदेझच्या शाळेतली मुलं आता अशी प्रदर्शनं पाहायला पॅरिसला न जाता गावातच पायी जातात.